कोऱ्या भिंतीवर धरलेला फोकस

पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या. लोकांना पटवून पटवून माझ्या तोंडाला फेस आलाय.

पण घडलं ते असंच घडलं. ऐकीव नाही. मैत्रिणीच्या मैत्रिणीचं नाही. माझं स्वतःचं.

आणि रात्रीचंही नाही. लख्ख दुपार होती, मंगळवार होता, आणि जागा माझ्याच घराची पुढची खोली. तिलाच मी स्टुडिओ म्हणते. एक पांढरी भिंत, एक खुर्ची, दोन दिवे. संपला स्टुडिओ.

मी माणसांचे फोटो काढते. नोकरीच्या अर्जासाठी, ऑफिसच्या वेबसाईटसाठी, कुणाला घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एक धड फोटो हवा असतो त्यासाठी.

तर माझा कॅमेरा मेला. तोही नेमका कधी, तर दातांच्या एका मोठ्या दवाखान्याचं काम हातात आलं तेव्हा. सगळ्या स्टाफचे फोटो काढायचे होते. आवडले तर त्यांच्या बाकीच्या शाखांचं कामही मलाच मिळणार होतं. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडून पाहिला, बंद केला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"पार्ट येत नाही याचा."

झालं.

मग सुरू झाली सल्ल्यांची बरसात. नवरा म्हणाला, भाड्याने घे. दादा म्हणाला, जुनं अजिबात घेऊ नकोस, नवाच घे. नवा घ्यायची ऐपत असती तर मी दादाला विचारायला गेले असते का? इंटरनेटवर एक जण म्हणतो, जुना फुल फ्रेम कॅमेरा म्हणजे सोनं, आत मोठा सेन्सर असतो, चेहरे काय नितळ येतात. त्याच्याच खाली दुसरा म्हणतो, भंगार आहे, हात लावू नका. वाचून वाचून डोळे दुखायला लागले आणि ठरत काहीच नव्हतं.

त्यात सासूबाई म्हणाल्या, "मोबाईलवर निघत नाहीत का गं?"

मी दात आवळले.

शेवटी एक जाहिरात दिसली. जुना फुल फ्रेम, सोबत माणसांच्या फोटोंसाठीची चांगली लेन्स, आणि मला झेपेल अशी किंमत. फोन एका तरुण माणसाने उचलला.

"बाबांचा आहे. आता ते काम करत नाहीत. लवकर नेलात तर बरं होईल."

'लवकर' या शब्दावर त्याने जरा जास्तच जोर दिला... पण तेव्हा मला घाईच होती.

घर तिसऱ्या मजल्यावर. दार त्या बाबांनीच उघडलं. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. मी त्यांना काका म्हणाले. मुलगा कामावर गेला होता. खिडकीपाशी एक खुर्ची होती, तिच्यासमोर कॅमेरा लावायची तिवई. कॅमेरा टेबलावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला होता, नुकती आंघोळ घातल्यासारखा स्वच्छ.

मी खिडकीचा फोटो काढला. पुस्तकांच्या कपाटाचा काढला. पडद्यावर मोठा करून पाहिला... एकेका पुस्तकाच्या पाठीवरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. या वयाच्या कॅमेऱ्यात असं काही बघायला मिळत नाही.

"चांगला आहे हो," मी म्हणाले. "पण घ्यावा की नाही, माझं ठरत नाहीये."

"मग आज ठरवू नका. घेऊन जा, काम करून बघा. आवडला तर पैसे द्या."

अनोळखी बाईच्या हाती कोणी कॅमेरा असा देतं का? मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं, "माणसांचेच काढता ना?"

"हो. माणसांचेच."

"मग हरकत नाही," ते म्हणाले. मी जिना उतरून खाली पोहोचले तरी वर दार लावल्याचा आवाज आला नव्हता.

घरी आल्या आल्या सासूबाईंना खुर्चीत बसवलं. आमच्या सासूबाई सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, ताठ बसायची सवय आहे, आणि फुकट बसतात. त्यांच्या डोळ्यावर फोकस धरला. फोकस लागल्याचा बीप वाजला. बटण दाबलं.

चेहरा धूसर.

परत काढला. धूसर. परत काढला, श्वास रोखून. धूसरच.

फोटो मोठा करून पाहिला तर सासूबाईंचे गुडघे कसे लख्ख. साडीच्या विणीतला धागा न् धागा दिसत होता. म्हणजे फोकस लागत होता, पण चेहऱ्याच्या हातभर पुढे. जिथे काहीच नव्हतं... नुसती हवा.

आणि दर वेळी, बीप वाजायच्या जरासं आधी, एक आवाज यायचा.

कट्.

गुडघ्याचं हाड वाजतं तसा. कुणी खाली वाकून बसलं की वाजतं ना, तसा.

"आई, गुडघा वाजतोय का तुमचा?"

"मी बसलेय गं. बसलेल्या माणसाचा गुडघा कसा वाजेल?"

मी म्हटलं, खुर्ची असेल. नाही तर लेन्सची मोटर असेल. डोक्यात एकच चालू होतं, की फसले. जुना कॅमेरा घेणाऱ्याचं जे होतं तेच माझं झालं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने भिंतीवर तपासणीचा तक्ता लावला, फोटो काढले, स्क्रीनवर दाखवले. रेघ न् रेघ अचूक.

"काही झालेलं नाही याला."

"अहो, पण माणसांचे चेहरे धूसर येतात."

"मग तुमचा हात हलत असेल."

इतकी वर्षं हेच काम करतेय मी, आणि माझा हात हलतो म्हणे. तिथेच कॅमेरा त्याच्या टेबलावर आपटावासा वाटला. पण तो माझा नव्हता ना. माझा नव्हता आणि परतही करवत नव्हता, कारण दवाखान्याचं काम दुसऱ्याच दिवशी होतं आणि भाड्याने मिळणारे कॅमेरे सगळे बाहेर गेले होते.

दवाखान्यात त्यांनी मला वरच्या मजल्यावरची मीटिंगची खोली दिली. मोठं टेबल बाजूला सरकवून मी खुर्ची ठेवली. पहिली आली रिसेप्शनवरची मुलगी. हसरी, जरा लाजरी. लोकांना खुर्चीत नीट बसवणं हे खरं कौशल्याचं काम. खांदे आखडतात, मान पुढे येते. मी सूचना द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात...

कट्.

आणि त्या मुलीने हनुवटी वर उचलली. अगदी थोडी. मान किंचित डावीकडे वळवली. खांदे सैल सोडले.

इतकी सुरेख बसली, की मी बघतच राहिले. पटापट फोटो काढले.

उठताना ती म्हणाली, "मॅडम, तुमचे हात केवढे गार आहेत."

"माझे?"

"आत्ता नाही का, हनुवटी वर केलीत माझी."

मी कॅमेऱ्यामागे होते. आमच्या दोघींच्या मध्ये अख्खं टेबल मावेल एवढं अंतर होतं. तिने ते अंतर पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं, ते दोन्ही कॅमेऱ्यावर होते. तिचं हसू तिथेच विरलं. ती बाहेर गेली.

नंतर आल्या मोठ्या डॉक्टरबाई. त्यांची मानही तशीच वळली. फोटो झाल्यावर त्यांनी रुमाल काढला आणि हनुवटी पुसली... दोनदा. विचारलं काहीच नाही. मी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

संध्याकाळी घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडले.

एकेक जण असा बसलेला, की मी आयुष्यात कुणाला तसं बसवलेलं नाही. माणसं एरवी असतात त्याहून जरा जास्त चांगली दिसत होती. आणि सगळेच्या सगळे चेहरे धूसर. एकही देण्यासारखा नाही.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला रडू आलं ते रागाने.

नवरा पाठीमागे येऊन उभा राहिला. "अगं, परत करून टाक ना. एवढं काय अडलंय?"

"काय बिघडलंय ते तर कळू दे. नुसतंच परत कसं करू?"

"कळून काय करणार आहेस?"

त्यातल्या त्यात बरे फोटो निवडून मी दवाखान्याला पाठवले. दवाखान्याचा फोन सोमवारी आला. फोटो धूसर आहेत, मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आम्ही दुसरं कुणीतरी बघतो. आवाज गोड होता. गोड आवाजात नाही म्हटलं की जास्त लागतं.

आता तो मंगळवार.

नवरा कामावर. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झालेल्या. मी ठरवलं, आज याचा निकाल लावायचा. कॅमेरा तिवईवर चढवला. खुर्ची उचलून बाहेर नेली. समोर उरली नुसती कोरी भिंत.

इथे एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. कॅमेऱ्याला फोकस धरायला काहीतरी दिसावं लागतं. एखादी कड, रेघ, डोळा, काहीही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कुठलाच कॅमेरा फोकस धरू शकत नाही. लेन्स पुढे जाते, मागे येते, घरघरते आणि शेवटी हात टेकते. बीप वाजत नाही. वाजूच शकत नाही.

फोकस धरण्यापुरतं मी बटण अर्धं दाबलं.

बीप.

लगेच. क्षणाचाही विलंब नाही.

कॅमेरा डावीकडे फिरवला, तिथेही कोरी भिंत. दाबलं.

बीप.

या लेन्सवर एक छोटी काचेची खिडकी असते. फोकस किती मीटरवर धरलाय तो आकडा त्यात दिसतो. मी वाकून पाहिलं. आकडा तीन. भिंत चारच्या पुढे होती.

म्हणजे भिंतीच्या अलीकडे... काहीतरी होतं.

मी मान वर करून पाहिलं. उन्हाचा पट्टा. फरशी. दुसरं काही नाही.

हलणाऱ्या माणसाचा पाठलाग करत राहील अशी एक सोय असते फोकसची. ती मी का चालू केली, मला माहीत नाही. केली. बटण अर्धं दाबून धरलं आणि डोळे त्या काचेच्या खिडकीवर ठेवले.

तीन.

बराच वेळ तीन.

मग आकडा सरकायला लागला... सावकाश. थांबत थांबत. जसं पायाचं दुखणं असलेलं माणूस चालतं.

अडीच.

दोन.

माझं बोट बटणावरून निघेना. खोलीत लेन्सच्या मोटरची बारीक कुरकुर, बाकी काही नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाजही कुठे गेले होते कोण जाणे.

दीड.

एक.

मग लेन्स शेवटाला जाऊन टेकली. याच्याहून जवळचं तिला दिसतच नाही. मोटर अडकल्यासारखी कुरकुरत राहिली... आणि थांबली.

माझ्या समोर कॅमेरा होता. कॅमेऱ्याच्या पुढे हातभर जागा.

आणि मग, अगदी कानाजवळ...

कट्.

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो. माझ्या हनुवटीखाली काहीतरी गार लागलं. दोन बोटं. घट्ट नाही, जोर नाही. लहान मुलाचं तोंड पुसताना आपण धरतो ना, तसं. त्या बोटांनी माझा चेहरा किंचित वर उचलला.

मी मागे कशी सरकले ते आठवत नाही. दिवा पडला, सासूबाई धावत आल्या. मी भिंतीला पाठ लावून खाली बसलेली.

"काय झालं गं? शॉक बसला का?"

"हो," मी म्हणाले. तेच सोपं होतं.

त्याच दुपारी कॅमेरा पिशवीत घातला आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल दाबली. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. माझं काम गेलं, माझं नाव खराब झालं, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.

काकांनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला.

"आलीस?" ते म्हणाले.

काका मला 'तुम्ही' म्हणायचे. आधीही म्हणाले होते आणि त्यानंतरही तसंच म्हणाले.

मी पिशवी घेऊन त्यांच्या मागोमाग आत गेले.

आत बसल्यावर त्यांनी स्वतःहूनच सांगायला सुरुवात केली. आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन त्यांनी फोटो काढले. बायको बरोबर असायची. उजेड बघायचा, फोकस बघायचा, तर आधी ती उभी राहायची. मग माणूस बसला की त्याच्यासमोर गुडघे टेकून त्याची हनुवटी नीट करायची आणि बाजूला व्हायची.

"शेवटी शेवटी गुडघे फार दुखायचे तिचे. पण ऐकायची नाही. म्हणायची, तुम्ही काढता ते चेहरे, बसवते मी."

"त्यांचा फोटो आहे का?" मी विचारलं.

"नाही ना. प्रत्येक फोटोच्या आधी ती होती. फोटोत एकदाही नाही." ते खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत होते. "ती गेल्यावर मी त्या रिकाम्या खुर्चीचे फोटो काढत बसायचो. मुलाला ते बघवेना. म्हणाला, विकून टाका."

"काका, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर नेला असतात का?"

"नसता नेला."

"मला वाटलं, तिला माणसं लागतात. इथे मी एकटा, आणि मीही कॅमेऱ्याच्या मागे. तुमच्याकडे माणसं येतात, तिचं मन रमेल." मग म्हणाले, "त्रास दिला का हो तिने?"

माझ्या हातून एवढं मोठं काम गेलं होतं. मी चिडायलाच गेले होते. आणि समोरचा माणूस असा प्रश्न विचारतो, जसं काही पाहुणी म्हणून राहायला आलेल्या बाईबद्दल विचारतोय.

"नाही," मी म्हणाले. पिशवी टेबलावर ठेवली आणि निघाले. या वेळी दार लगेच बंद झालं. आत ते कुणाशी तरी बोलत होते. उत्तर ऐकू येईल या भीतीने मी भराभर जिना उतरले.

पुढे दादाने थोडी मदत केली आणि मी छोटा, नवा कॅमेरा घेतला. फोकस जिथे धरावा तिथेच लागतो. लोक खुर्चीत ताठ, आखडून बसतात, मी "मान जरा वर" म्हणून म्हणून थकते आणि फोटो ठीकठाक येतात. तक्रार करण्यासारखं काही नाही.

मध्ये बरेच महिने गेले. एक दिवस एक तरुण माणूस फोटो मोठा करून घ्यायला आला. आवाज ओळखीचा वाटला. काकांचा मुलगा. काका गेले, म्हणाला. झोपेतच.

"त्यांचा एकही फोटो नव्हता आमच्याकडे. आयुष्यभर दुसऱ्यांचेच काढले. मग त्यांच्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर हा एक सापडला. कॅमेरा तिवईवरच होता."

मी फोटो स्क्रीनवर उघडला.

खिडकीजवळच्या खुर्चीत काका. इस्त्रीचा शर्ट. इतके स्वस्थ, इतके छान बसलेले. डोळे असे लख्ख, की पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता.

"टायमरवर काढला असणार," मुलगा म्हणाला. "घरात दुसरं कुणी नव्हतंच."

"हो. टायमरवरच."

पण टायमर लावताना काका कॅमेऱ्यामागे असणार. खुर्ची रिकामी. म्हणजे कॅमेऱ्याने फोकस धरला असता तो खुर्चीच्या पाठीवर. मग खुर्ची लख्ख आली असती आणि पुढे बसलेल्या माणसाचे डोळे जरा तरी हुकले असते. इथे उलटं होतं. पाठ धूसर आणि डोळे अचूक. त्यांचा चेहरा जिथे येणार होता, बरोबर तिथे आधी कुणीतरी फोकससाठी थांबलं होतं.

हे मी त्याला सांगितलं नाही.

सवयीने मी त्यांच्या डोळ्यांतली प्रतिबिंबं मोठी करून पाहिली. खिडकी दिसली. तिवई दिसली. तिवईजवळ कुणीही नाही. काका मात्र लेन्समध्ये बघत नव्हते. लेन्सच्या जरा बाजूला बघत होते... आपल्याला कुणी 'असंच थांबा' म्हटलं की आपण त्या माणसाकडे बघतो, तसे.

फोटो छापून दिला. मुलगा खूश होऊन गेला. फाईल माझ्या कॉम्प्युटरवर अजून आहे. पुसायला जाते आणि पुसत नाही.

मधूनमधून उघडून बघते. चूक शोधते. इतकी वर्षं झाली मला या कामात, आणि माझ्या हातून असा एकही फोटो निघालेला नाही.

आणि हा कुणी काढला, ते मला कुणाला सांगताही येत नाही.